ओठ आधी, आवाज नंतर

दिलावरभाई भिंतीला भोक पाडतो तेव्हा जी पांढरी पूड उडते ती नेमकी माझ्या केसांत बसते. घरी जाऊन केस झटकले की खाली पडते. किस्स्यांचं तसंच आहे. ते गोळा करायला कुणी जात नाही. काम करता करता अंगावर बसतात, आणि मग भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना एकेक गळायला लागतात. परवा मैत्रिणींना सहज एक सांगितला, तर म्हणाल्या, "अजून आहेत?" म्हटलं, घ्या!

आधी आमचं काम सांगते. दादरला टीव्हीचं दुकान आहे, मालक परुळेकर सर. टीव्ही विकला गेला की दिलावरभाई घरी जाऊन तो भिंतीवर टांगतो आणि त्याच्या मागोमाग मी जाते, 'डेमो' द्यायला. वायफाय जोडायचं, रिमोट समजावून सांगायचा, चहा प्यायचा, निघायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आठवड्याने फोन येतो, "मॅडम, टीव्हीत काहीतरी चुकतंय. काय ते सांगता येत नाही, पण चुकतंय!"

हे 'काहीतरी' बहुतेक वेळा दोनातलं एक असतं. एक म्हणजे मोशन. नवा टीव्ही स्वतःची हुशारी करतो. दोन चित्रांच्या मधे आपल्या मनानेच आणखी चित्रं बनवून घुसवतो, म्हणजे हालचाल एकदम गुळगुळीत दिसते. दुसरं म्हणजे आवाज. आवाज वेगळ्या साउंडबारमधून येत असला की कधी कधी तो मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. दोन्हीला सेटिंग असतं, थोडं इकडे, थोडं तिकडे. बस्स! पण ते इकडे-तिकडे करताना माणसं जे बोलतात ना…

*

गिरगावातले सबनीस काका. त्यांचा फोन म्हणजे माझ्याकडे आलेली या प्रकारातली पहिलीच तक्रार. "टीव्ही परत घेऊन जा," म्हणाले. कारण सांगेनात.

गेले. काका रोज दुपारी जुना सिनेमा बघतात. तसा लावलेलाच होता. मला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाले, "ही हिरोईन बघ."

बघितली. चांगली होती.

"काय झालं तिला?"

काका खाली वाकून हळूच म्हणाले, "ती आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींसारखी दिसतेय."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "कुठल्या वहिनी?"

मी घाईघाईने मोशन बंद केलं. काका जरा वेळ बघत राहिले, मग मागे टेकले. "हां! आता कशी लांब गेली. मघाशी आपल्या खोलीत येऊन बसल्यासारखी वाटत होती. हिरोईनने असं करू नये."

मला गंमत वाटली. म्हटलं, "काका, लोक तर खरंखुरं दिसावं म्हणून मोठा टीव्ही घेतात."

"खरंखुरं बघायचं असतं," काका म्हणाले, "तर मी गॅलरीत नसतो उभा राहिलो?"

"असताच की उभे!" काकू आतून म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्याकडे बघत!"

*

काकांमुळे माझा समज झाला की मोशन बंद केलं की सगळे खूश. मग वरळी कोळीवाड्यात गेले.

हिराबाई. सकाळी मासळी विकून घरी आलेल्या, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या. टीव्ही मुलाने आणला होता. मुलगा सिनेमाचा शौकीन, त्याने आधीच मोबाईलवर सगळं वाचून ठेवलं होतं. "मॅडम, मोशन ऑफ, कलर सिनेमावाला. जसा डायरेक्टरला दाखवायचा होता तसा!"

मी तसं केलं. तपासायला आमचा दुकानातला व्हिडिओ लावला. समुद्राच्या तळाचा आहे तो. निळं पाणी, रंगीत मासे. सगळ्या टीव्हीवाल्यांचा असलाच असतो.

हिराबाई इतका वेळ डोळे मिटून होत्या. एक डोळा उघडला.

"ह्यो म्हावरा कालचा हाय."

मुलगा म्हणाला, "आये, तो जिवंत आहे. पोहतोय!"

"पोवू दे. रंग बघ त्याचा. बरफातला हाय. मी नाय घेनार."

मला राहवेना. मी रंग दुकानात असतो तसा भडक केला. हिराबाई सरळ बसल्या. "ह्यो ताजा. ह्यो आत्ता लागला जाळ्यात." मग मी मोशन चालू केलं. मासा एकदम गुळगुळीत सरकायला लागला. त्यांनी मान पुढे काढून बघितलं. "ह्याला मागून कोन ढकलतंय काय? शेपटी हलते एकीकडं, मासा जातो दुसरीकडं. असा मासा पोवत नाय."

मग आम्ही दोघी बसलोच. मोशन थोडं कमी, थोडं अजून कमी, रंग थोडा जास्त. मुलगा डोक्याला हात लावून बघत होता. शेवटी एका ठिकाणी हिराबाईंनी हात वर केला.

"बास. हितं ठेव. हा मासा बोटीवरून उतरलाय तसा हाय."

तेव्हापासून मला टीव्ही लावायचा असला की मी डायरेक्टरला काय दाखवायचं होतं ते बघत नाही. हिराबाईंनी घेतला असता का, ते बघते!

*

एक छोटासा परुळेकर सरांचा. सर मालवणचे. फोनवर बोलले की गावापर्यंत ऐकू जावं असं बोलतात. एकदा दुकानात गर्दी होती आणि सर काउंटरवर उभे राहून एका कस्टमरशी फोनवर बोलत होते.

"मोशन फार होताहेत का?… कधीपासून?… अहो, मग हायवर असतील. मीडियम करा… तरी होताहेत? मग सरळ बंद करून टाका!… नाही नाही, काही होत नाही त्याने, मी स्वतः गेलं वर्षभर बंदच ठेवलेत!"

समोर वॉशिंग मशीन बघायला आलेले एक आजोबा होते. सरांनी फोन ठेवला तसे ते मोठ्या आदराने पुढे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, वर्षभर? आणि जेवण काय घेता?"

*

शीवला दोन भाऊ राहतात, एकाच घरात. थोरले अप्पा आणि धाकटे नाना. दोघांची बायका-मुलं, सगळे मिळून मोठं कुटुंब. टीव्ही एक, साउंडबार एक आणि मतं दोन. अप्पा म्हणत होते, आवाज मागून येतो. नाना म्हणत होते, आवाज पुढे पळतो. यावरून म्हणे चार दिवस दोघं एका पंगतीला बसले नव्हते. नानांची बायको मला दारातच म्हणाली, "तुम्ही काहीही करा, पण दोघांना आज जेवायला बसवा. मी वेगवेगळी ताटं वाढून दमले!"

त्या साउंडबारचा रिमोट निराळा होता. पडद्यावर आकडे वगैरे काही दिसत नाहीत. प्लस दाबलं की आवाज मागे, मायनस दाबलं की पुढे. बातम्या लावल्या, दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि सुरुवात केली.

"आता?"

अप्पा म्हणाले, "किंचित पुढे आला. अजून हवा."

"आता?"

नाना म्हणाले, "झालं ना! आता फार पुढे गेला. जरा मागे घ्या."

"आता?"

बातम्यांमधली बाई बोलत होती, हे दोघे तिच्या ओठांकडे टक लावून. सगळं घर श्वास रोखून उभं. मग अप्पा म्हणाले, "जमलं." नाना म्हणाले, "करेक्ट! मी हेच म्हणत होतो." अप्पा म्हणाले, "मीसुद्धा हेच म्हणत होतो." आतून ताटांचा आवाज आला. मला आग्रहाने श्रीखंड खाऊ घातलं.

खाली उतरल्यावर दिलावरभाई खिशातून दोन छोटे सेल काढून बघत होता. मी विचारलं, कसले?

"मॅडम, वो साउंडबार के रिमोट का है। टीव्ही टांगते टाइम मेरा सीधी लाइन देखने का लेझर बंद पडा था ना, तो मैंने निकाला था। डालने का रह गया।"

मी सेल हातात घेतले. मग वर जाऊन गुपचूप सेल घालून आले. अजून विचार करते. त्या दोघांना काय दिसलं असेल? कारण दिसलं होतं, हे नक्की. तोंडावर दिसत होतं! आणि त्यानंतर त्या घरातून आजतागायत तक्रार नाही.

*

नायगावला आमचं स्वतःचं घर. आधी चाळीत होतो, आता टॉवरमध्ये. चाळीत असताना मॅच असली की सगळ्या खोल्यांतून एकाच वेळी ओरडा व्हायचा. आता कुणाचा डिश, कुणाचं ॲप, कुणाचं केबल. एकाच बॉलवर बिल्डिंग चार-पाच वेळा ओरडते!

आमच्या खालच्या मजल्यावर कांबळीदादा राहतात, बसचे ड्रायव्हर. त्यांच्याकडे मॅचच्या दिवशीच बोलावणं आलं, ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून. मी सेटिंग करत होते. वहिनी आत ओट्यापाशी मटार सोलत होत्या.

वहिनी आतून म्हणाल्या, "आता सिक्स."

पडद्यावर बॉलर धावत आला, बॉल टाकला, सिक्स!

दादांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं. "ऐकलंत? मी टीव्हीसमोर बसून मला कळत नाही, ही आत बसून सांगते."

थोड्या वेळाने आतून, "हा गेला."

बोल्ड!

"लग्नाला इतकी वर्षं झाली," दादा मला म्हणाले, "हिला क्रिकेटमधलं एवढं कळतं हे मला या टीव्हीमुळे समजलं. आमच्या डेपोतली पोरं आता मला सांगतात, वहिनींना विचारून ये! मी म्हटलं तिला, सुजाता, तू कधी बोलली नाहीस. म्हणते, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. ओट्यावर खिडकी आहे, ती डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या बोळात, उघडते. तिथे उभी राहिले आणि वरून, जाधवांच्या घरातून, कडाडून ओरडा आला, "फोऽऽऽर!"

बाहेर दादांच्या टीव्हीवर बॉलर अजून पॅन्टला बॉल घासत होता.

जाधवांचा डिश, यांचं ॲप. ॲप चांगलंच मागे!

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी तोंडावर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सगळ्या बिल्डिंगचं सेटिंग तू करतेस ना? ह्याला हात लावायचा नाही. आता कुठे मला विचारून काहीतरी करायला लागलेत."

तेवढ्यात बाहेरून दादांनी हाक मारली, "अगं, पुढचा काय?"

वहिनींनी खिडकीकडे कान केला आणि म्हणाल्या, "थांबा हो, विचार करू दे!"

*

सगळेच किस्से हसण्यावारी जात नाहीत. मेधाताई दादरला कथक शिकवतात. मुली घरी सराव करताना मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवतात, मेधाताई ते टीव्हीवर मोठे करून बघतात आणि चुका सांगतात. एकदा मी त्यांच्याकडे वेगळ्याच कामाला गेले होते, टीव्हीचा स्टँड हलतो म्हणून. तेव्हा ऋता नावाच्या मुलीचा मागच्या महिन्यातला व्हिडिओ चालू होता.

"पाहा ना," ताई मला म्हणाल्या, "माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. पण हल्ली पाय तबल्याच्या आधी पडतो. कितीदा सांगितलं, घाई करू नकोस. शेवटी कार्यक्रमात पहिल्या ओळीतून काढून मागे उभी केली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी डोळे वर करून बघत नाही."

मला कथकमधलं काही कळत नाही. पण पाय आधी, आवाज नंतर, हे ऐकल्यावर माझे कान उभे राहिले. विचारलं, "ताई, हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने."

"आणि हा साउंडबार?"

"तेव्हाच घेतला," म्हणत ताई साउंडबारकडे वळल्या.

मी साउंडबार काढला आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावला. पाय पडला, तबला वाजला. एकत्र. अगदी एकत्र! ताईंनी तो परत लावायला सांगितला. मग परत. मग दुसऱ्या मुलींचे लावले. बाकीच्यांचे पाय थोडे मागेच पडत असत, म्हणून टीव्हीवर त्या बरोबर वाटत होत्या. एकटी ऋता अचूक होती, म्हणून तीच चुकत होती.

ताई खुर्चीत बसल्या. मग माझ्यासमोरच तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "ऋता, तुझं बरोबर होतं बाळा. माझा टीव्ही मागे होता. माझं चुकलं. तू उद्या पहिल्या ओळीत ये."

फोन स्पीकरवर होता. मग ती मुलगी म्हणाली, "पण ताई, तुम्ही सांगितलं म्हणून मी रोज सकाळी सराव करून पाय मागे टाकायला शिकले. आता परत घाई करू?"

*

माझ्या घरच्या टीव्हीचं विचारू नका. शिंप्याच्या पायजम्याला नाडी नसते तशी गत. आईच्या सिरियलमध्ये बाई आधी रडते, हुंदका नंतर येतो. एका रविवारी मला वेळ मिळाला, लाज वाटून सेटिंग करायला बसले, तर आईने रिमोट काढून घेतला.

"राहू दे. असंच बरं आहे."

"अगं, जुळत नाही ते."

"न जुळू दे. तिचं तोंड हललं की मला कळतं, आता ही काय बोलणार. मग ती तेच बोलते. मला बरं वाटतं."

*

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही, कारण सांगून झाला की लोक विचारतात, पुढे काय झालं?

परळला एका बिल्डिंगमध्ये नारकर कुटुंब आहे. नारकर आजोबा, आजी, मुलगा, सून. मूळचे कणकवलीकडचे. टीव्ही बसवला आणि दोन दिवसांत सुनेचा फोन. "बाबा म्हणतात ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आम्हाला तर जुळलेले दिसतात."

मी गेले. तपासलं. खरंच सगळं जुळत होतं. बातम्या लावल्या. आजोबा म्हणाले, "हे बरोबर." मग जाहिरात लागली. एक गोरीपान बाई साबण हातात घेऊन मराठीत काहीतरी सांगत होती. आजोबा म्हणाले, "हे बघ. ही बोलते एक आणि ऐकू येतं दुसरंच."

"काय बोलते?"

"हिंदीत बोलते. म्हणते, मेरी माँ भी यही लगाती थी."

मी सुनेकडे बघितलं. जाहिरात हिंदीत केलेली, मराठी आवाज मागून चढवलेला. ते आम्हालाही कळत होतं. पण ती हिंदीत काय म्हणतेय हे?

सून हसली. "बाबा गिरणीत साचेखात्यात होते. मागावर कापड विणायचे. तिथे धोटे इकडून तिकडे आपटायचे, एवढा खडखडाट, की शेजारच्याचं ओरडलेलं ऐकू यायचं नाही. सगळे ओठ बघून बोलायचे."

मला कुतूहल आवरेना. मॅच लावली आणि आवाज बंद केला. कॅच सुटला, बॉलर काहीतरी बोलला. मी विचारलं, "आजोबा, हा काय म्हणाला?"

आजोबांनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दुसरं काहीतरी लाव."

त्या दिवशी काम झालंच नाही, नुसत्या गप्पा. निघताना आजी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. समोरचं दार बंद होतं, पाटी होती 'तांबे'. आजींनी त्या दाराकडे बघून आवाज उतरवला. "ते तांबे आणि आमचे हे, शेजारच्या साच्यांवर होते. जोडीदार. दिवसभर दोघांची तोंडं चालूच. मी डबा घेऊन गेले तरी यांचं लक्ष नाही. मग संप झाला. तांब्यांची लहान मुलगी आजारी होती, ते मधेच कामावर गेले. हे गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. मुलीचं बारसं जेवलो होतो आम्ही, तिच्या लग्नाला गेलो नाही. आणि नशीब बघ, नव्या बिल्डिंगमध्ये घर मिळालं ते समोरासमोर! लिफ्टमध्ये एक असला की दुसरा जिन्याने जातो. या वयात!"

पुढच्या महिन्यात नारकरांच्या मुलाने साउंडबार घेतला, मोठा, जमिनीवर ठेवायच्या डब्यासकट. दिलावरभाईने बसवला आणि मी जुळवायला गेले. आमची एक टेस्टची क्लिप असते. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो, टोकाला आपटला की 'खट्'. मग उजवीकडून डावीकडे, 'खट्'. ठिपका आणि खट् एकत्र आले की जुळलं.

क्लिप लावली. आवाज चुकून आधीच खूप मोठा ठेवलेला होता. खट्! खट्! खट्! जमीन हादरायला लागली. शोकेसमधल्या कपबशा वाजायला लागल्या. सून कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळाली. आजोबा मात्र खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले. ठिपका इकडून तिकडे, तिकडून इकडे.

दार उघडंच होतं, दिलावरभाईची अवजारं न्यायची होती म्हणून. दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. बनियन, लेंगा, हातात वर्तमानपत्र. समोरचं दार उघडं दिसलं, मी ओळखलं, तांबे. आवाजाची तक्रार करायला आले असणार. चेहरा तसाच होता. त्यांनी तोंड उघडलं, बोलले. काहीही ऐकू आलं नाही. एवढ्या खडखडाटात मला माझाही आवाज ऐकू येत नव्हता.

नारकर आजोबांनी मान वळवली. तांब्यांच्या तोंडाकडे बघितलं.

आणि त्यांचे ओठ हलले.

तांबे थबकले. वर्तमानपत्राची घडी काखेत धरली. पुन्हा काहीतरी बोलले, आता चेहरा निराळा होता. आजोबांनी उत्तर दिलं. मग तांबे जरा लांबलचक बोलले, बोलताना एकदा हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला, लहान मूल केवढं ते दाखवतात तसा. आजोबांनी मान खाली घातली. मग वर केली आणि बोलले. दोघांत सगळा हॉल होता, कुणी पाऊल पुढे टाकलं नव्हतं. मी दोघांच्या मधे रिमोट धरून उभी. एकाकडे बघत होते, दुसऱ्याकडे बघत होते, एक अक्षर कळत नव्हतं.

मला वाटलं, आवाजामुळे बिचाऱ्यांना धड बोलता येत नाहीये. मी रिमोट उचलला, अंगठा बटणावर ठेवला.

मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. आजी होत्या. हात पिठाने माखलेले, डोळे त्या दोघांवर. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाल्या,

"कमी नको करू गो. वाढव!"